ताजिकिस्तान : यादवी, तह आणि त्यानंतर
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ताजिकिस्तानच्या राजधानीचे नाव दुशांबे. फारसीत ‘दुशंबा’ म्हणजे सोमवार. सोमवारी जिथे बाजार भरत असे ते गाव दुशांबे, इतका साधा या नावाचा उगम आहे. ज्या हैदराबादकरांच्या पायाखाली जुमेरात बाजार आहे, त्यांना वारावरून पडलेल्या गावाच्या नावाचे नवल वाटण्याचे कारण नाही. नवल वाटावे ते याचे, की हजार-अकराशे वर्षांची साहित्यपरंपरा सांगणाऱ्या एका समाजाला राजधानीसाठी एक बाजारगाव निवडावे लागले. ताजिकांची स्वतःची म्हणावीत अशी शहरे दोन, बुखारा आणि समरकंद. १९२४ साली सोव्हिएत सत्तेने मध्य आशियाची वाटणी भाषांच्या आणि वंशांच्या नावाने केली, तेव्हा ही दोन्ही शहरे उझबेकिस्तानकडे गेली आणि ताजिकांच्या वाट्याला मुख्यतः डोंगर आले. आजही त्या देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक भूमी डोंगराळ आहे. प्रथम उझबेकिस्तानांतर्गत स्वायत्त प्रदेश आणि १९२९ पासून स्वतंत्र घटक प्रजासत्ताक, असा त्याचा दर्जा वाढत गेला. त्याच वर्षी दुशांबेचे नाव स्तालिनाबाद झाले. १९६१ साली ते पुन्हा सोमवारवर आले.

हा पूर्वेतिहास सांगण्याचे कारण असे की, ९ सप्टेंबर १९९१ रोजी जे राष्ट्र स्वतंत्र झाले, ते आपल्या नागरिकांच्या मनात अद्याप पुरतेपणी राष्ट्र झालेले नव्हते. ताजिक माणसाला कुठला म्हणून विचारले तर तो प्रथम खुजंदचा, कुलोबचा, गर्मचा किंवा पामीरचा असे. त्याला कारण भूगोल होता. उत्तरेकडील खुजंद आणि दक्षिणेकडील दुशांबे यांच्यामध्ये ज्या पर्वतरांगा आहेत, त्यांच्यातील खिंडी हिवाळ्यात बर्फाने बंद होत. राजधानीहून देशाच्या दुसऱ्या मोठ्या शहराला जायचे तर उझबेकिस्तानच्या भूमीवरून वळसा घ्यावा लागे. इराणच्या साहाय्याने अंझोबचा बोगदा २००६ साली खुला झाला, तेव्हा कुठे ही अडचण दूर होऊ लागली. एका देशाची दोन टोके वर्षातले काही महिने एकमेकांपासून तुटलेली असतील, तर तेथे पक्षांपेक्षा प्रांत मोठे होणारच.

सोव्हिएत राजवटीने या प्रांतभेदावर जे कलम केले त्याची फळे पुढे कडू निघाली. १९४६ पासून कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुखपद सातत्याने खुजंदच्या, म्हणजे तेव्हाच्या लेनिनाबादच्या, माणसांकडे राहिले. कुलोबचे लोक त्यांचे धाकटे सहकारी झाले. गर्मच्या खोऱ्यातील डोंगरी शेतकऱ्यांना, पुष्कळदा त्यांच्या मनाविरुद्ध, उचलून वख्श नदीच्या सखल खोऱ्यात कापूस पिकवण्यासाठी आणून वसविण्यात आले. कुलोबची माणसेही त्याच खोऱ्यात आली. ही गावे शेजारी शेजारी राहिली, पण एकमेकांत मिसळली नाहीत. प्रत्येकाची सोयरीक आपल्या मूळ खोऱ्याशीच राहिली. कागदोपत्री हे सारे सामूहिक शेतीचे सभासद होते. प्रत्यक्षात शेतीची व्यवस्थाच गावकीच्या आणि भावकीच्या हाती होती, आणि साम्यवादाच्या सत्तर वर्षांनी ‘अवलोद’ म्हणजे कुळ ही संस्था मोडण्याऐवजी तिला एक नवे घर मिळवून दिले. मध्य आशियासंबंधी लिहिणाऱ्या अनेकांनी या समाजाचे वर्णन ‘मध्ययुगीन टोळ्या’ अशा शब्दांत केले आहे, ते आळशीपणाचे आहे. ज्या टोळ्या १९९२ मध्ये एकमेकींवर तुटून पडल्या, त्यांची घडण विसाव्या शतकात, सरकारी नियोजनातून झाली होती.

१९८९ च्या जुलैमध्ये ताजिक भाषेला राज्यभाषेचा दर्जा देणारा कायदा झाला. त्याच वर्षी ‘रस्तोखेज’, म्हणजे पुनरुत्थान, या नावाची चळवळ सुशिक्षितांनी उभारली. पाठोपाठ लोकशाहीवादी पक्ष निघाला, इस्लामी पुनरुज्जीवन पक्ष निघाला. फेब्रुवारी १९९० मध्ये, आर्मेनियाहून आलेल्या निर्वासितांना घरे दिली जात आहेत अशा अफवेवरून दुशांबेत दंगल उसळली आणि गोळीबारात माणसे मेली. घरांची टंचाई खरी होती, अफवा खोटी होती. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. जुने पक्षप्रमुख रहमोन नबीयेव विजयी झाले. त्यांच्या विरोधात उभे राहिलेले चित्रपट-दिग्दर्शक दवलत खुदोनझरोव यांना सुमारे तीस टक्के मते मिळाली. त्या देशाच्या इतिहासात ज्या निवडणुकीचा निकाल आधी ठाऊक नव्हता अशी ती बहुधा एकमेव निवडणूक, हे आज मागे वळून पाहताना जाणवते.

यानंतरचे चित्र एखाद्या नाटकाच्या नेपथ्यासारखे आहे. १९९२ च्या वसंतात राजधानीच्या एकाच हमरस्त्यावरील दोन चौकांत दोन जमाव ठाण मांडून बसले. एका चौकाचे नाव शहिदोन, १९९० च्या हुतात्म्यांचा. तेथे विरोधक बसले, त्यांत गर्मचे आणि पामीरचे लोक अधिक, मुल्ला आणि लोकशाहीवादी प्राध्यापक शेजारी शेजारी. दुसऱ्या चौकाचे नाव ओझोदी, म्हणजे आझादी. तेथे सरकारचे समर्थक, कुलोबहून बसगाड्या भरून आणलेले. मे महिन्याच्या आरंभी सरकारी शस्त्रागारातील बंदुका या दुसऱ्या चौकात वाटल्या गेल्या. ज्या सरकारने आपल्या हातातील शस्त्र आपल्याच नागरिकांपैकी एका गटाच्या हाती दिले, त्याने स्वतःचे सरकारपण त्याच क्षणी गमावले होते. सप्टेंबरमध्ये नबीयेव यांना दुशांबेच्या विमानतळावर अडवून, बंदुकीच्या धाकाने राजीनाम्यावर सही करायला लावण्यात आले. नोव्हेंबरमध्ये खुजंद येथे सर्वोच्च सोव्हिएतचे अधिवेशन भरले आणि त्यात दंघरा येथील एका सरकारी शेतीचे पूर्वीचे संचालक, वय चाळीस, अध्यक्षस्थानी निवडले गेले. त्यांचे नाव एमोमाली रहमोनोव. खुजंदच्या मुत्सद्द्यांना वाटले की हा तडजोडीचा, तात्पुरता माणूस आहे.

युद्धाचा अत्यंत भीषण भाग वख्शच्या खोऱ्यात आणि कुर्गान-त्यूबे परिसरात घडला. ज्या कापसाच्या शेतांवर दोन प्रांतांची माणसे शेजारी म्हणून आणून ठेवली होती, नेमके तेथेच. डिसेंबर १९९२ मध्ये ‘पॉप्युलर फ्रंट’च्या सैनिकांनी राजधानी घेतली, तेव्हा रस्त्यात अडवून ओळखपत्रातील जन्मस्थान पाहून माणसे मारली गेली. साठ हजारांहून अधिक लोक ऐन थंडीत नदी ओलांडून अफगाणिस्तानात गेले. अफगाणिस्तानात आश्रयाला जाणे ही त्या काळातही उलटी गंगा होती. पाच वर्षांच्या युद्धातील मृतांचे अंदाज वीस हजारांपासून एक लाखापर्यंत जातात. सहा लाखांच्या आसपास माणसे देशातल्या देशात बेघर झाली. १९८९ मध्ये त्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या जेमतेम एक्कावन्न लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा भार कळतो. रशियन भाषक डॉक्टर, अभियंते, शिक्षक निघून गेले: १९८९ च्या शिरगणतीत तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजार रशियन होते, २००० सालच्या शिरगणतीत अडुसष्ट हजार उरले. विज्ञान अकादमीचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले मुहम्मद ओसिमी यांना जुलै १९९६ मध्ये दुशांबेत गोळ्या घालण्यात आल्या. मध्य आशियाच्या संस्कृतींचा इतिहास युनेस्कोसाठी संपादित करणाऱ्या या विद्वानाला कोणत्या गटाने शत्रू मानले असेल, हा प्रश्न त्या काळातल्या वेडाची कल्पना देतो.

युद्ध थांबले ते मात्र विचार करण्यासारख्या रीतीने. बोलणी एप्रिल १९९४ मध्ये मॉस्को येथे सुरू झाली, नंतर तेहरान, इस्लामाबाद अशी फिरत राहिली. संयुक्त राष्ट्रसंघ मध्यस्थ होता. सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतले आणि रशिया व इराण या दोघांनाही, म्हणजे दोन्ही पक्षांच्या पाठीराख्यांना, घाई झाली. त्याच डिसेंबरात रहमोनोव आणि विरोधी आघाडीचे नेते सय्यद अब्दुल्लो नुरी यांची भेट उत्तर अफगाणिस्तानात, रब्बानी आणि मसूद यांच्या आश्रयाने घडून आली. २७ जून १९९७ रोजी मॉस्कोत सर्वसाधारण करारावर दोघांच्या सह्या झाल्या. त्यातील मुख्य कलम असे की, सर्व थरांवरील सरकारी पदांपैकी तीस टक्के पदे विरोधकांना द्यावीत. त्यांच्या सैनिकांना सैन्यात सामावून घ्यावे, निर्वासितांना परत आणावे, बंदी घातलेले पक्ष मोकळे करावेत. १९९९ मध्ये इस्लामी पुनरुज्जीवन पक्ष पुन्हा कायदेशीर झाला. साऱ्या मध्य आशियात धर्माधिष्ठित असा तो एकच कायदेशीर पक्ष होता, आणि शस्त्र खाली ठेवून निवडणुकीत पराभव स्वीकारणारा तो पक्ष होता, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. नव्वदच्या दशकात बोस्नियापासून रवांडापर्यंत जे घडत होते, त्याच्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हा तह किती दुर्मीळ होता हे ध्यानात येते.

त्या तहाचे पुढे काय झाले, ही कहाणी कमी शब्दांत सांगता येते, कारण ती एकाच दिशेने जाते. तीस टक्क्यांचा वाटा पूर्णपणे कधी दिला गेला नाही. जो दिला गेला तो एकेक करून काढून घेण्यात आला. विरोधकांचे सेनापती मिर्झो झियोयेव मंत्री झाले होते. २००६ मध्ये त्यांचे मंत्रिपद गेले आणि २००९ मध्ये ते मारले गेले. पण रहमोनोव यांना सत्तेवर आणणाऱ्या ‘पॉप्युलर फ्रंट’च्या सरदारांचीही गत निराळी झाली नाही. याकूब सलीमोव, गफ्फोर मिर्झोयेव हे एकेकाळचे आधारस्तंभ तुरुंगात गेले. शत्रू आणि उपकारकर्ते या दोघांनाही समान न्याय देण्यात आला. २००६ मध्ये नुरी निवर्तले. २०१५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पक्षाचे काम बंद करण्याचा हुकूम निघाला आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दहशतवादी संघटना ठरविले. पक्षाध्यक्ष मुहिद्दीन कबीरी परदेशात होते. जे देशात होते त्या उपाध्यक्षांना २०१६ मध्ये जन्मठेपा झाल्या. त्यांचा खटला चालवू पाहणारे वकील बुझुर्गमेहर योरोव यांनाच अटक होऊन दीर्घ कारावास भोगावा लागला. २०१६ च्या मे महिन्यातील सार्वमताने घटनेत बदल झाला: ‘राष्ट्राचा नेता’ ही पदवी धारण करणाऱ्याला अध्यक्षपदाच्या मुदतीची मर्यादा राहिली नाही, आणि अध्यक्षपदासाठी किमान वय पस्तीसवरून तीसवर आणण्यात आले. अध्यक्षांचे चिरंजीव रुस्तम एमोमाली २०१७ मध्ये दुशांबेचे महापौर झाले, २०२० मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले. अध्यक्षपद अकस्मात रिकामे झाल्यास घटनेप्रमाणे ते याच सभापतीकडे जाते.

२७ जून हा दिवस ताजिकिस्तानात राष्ट्रीय ऐक्याचा दिन म्हणून पाळला जातो. ज्या कागदामुळे तो दिवस आला त्यावर दोन सह्या आहेत, आणि दुसरी सही ज्याची, त्याचा पक्ष आज बेकायदा आहे.

मग लोक हे का सहन करतात, असा प्रश्न कोणीही विचारील. दडपशाही हे उत्तर आहेच. पण तेवढे पुरेसे नाही. ज्याने १९९२ पाहिले, त्याला शांततेची किंमत वेगळी कळते. पन्नाशी ओलांडलेला ताजिक माणूस ‘निदान गोळीबार तर नाही’ असे म्हणतो तेव्हा त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. राज्यकर्त्यांनी मात्र या स्मृतीचे भांडवल केले. कोणताही मतभेद हा नव्या यादवीचा आरंभ होय, असे शिकविण्यात आले. आता लोकसंख्या एक कोटीच्या पलीकडे गेली आहे आणि तीत युद्धानंतर जन्मलेल्यांची संख्या फार मोठी आहे. त्यांना ही भीती वारशाने मिळाली आहे, अनुभवाने नव्हे.

या तरुणांपैकी पुष्कळजण देशात नाहीत. दहा लाखांच्या वर ताजिक रशियात इमारतींवर, रस्त्यांवर, बाजारांत राबतात. २०१३ च्या सुमारास त्यांनी घरी धाडलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भरला होता. जगात अशा देशांच्या यादीत ताजिकिस्तान त्या वर्षांत पहिल्या क्रमांकावर असे. सरकारच्या दृष्टीने यात दुहेरी लाभ होता: पैसा आत येतो आणि चौकात जमू शकणारा तरुण बाहेर जातो. समाजाच्या दृष्टीने हिशेब असा सरळ नाही. गावे बायकांची, मुलांची आणि म्हाताऱ्यांची झाली. कापसाची वेचणी, पाटाचे पाणी, सासऱ्याचे आजारपण हे सारे सुनेच्या अंगावर आले. कित्येक पुरुषांनी रशियात दुसरा संसार थाटला; दूरध्वनीवर तीनदा तलाक उच्चारून पहिला मोडण्याचे प्रकार इतके वाढले की सरकारला आणि धर्मपीठाला त्यांची दखल घ्यावी लागली. जिचा विवाह केवळ निकाहाने झाला, सरकारी दप्तरी नोंदला गेला नाही, तिला घरावर हक्क सांगता येईना. म्हणून नोंदणीच्या दाखल्याशिवाय निकाह लावू नये, असा इमामांना दंडक घालण्यात आला आणि मुलीच्या लग्नाचे वय सतरावरून अठरा करण्यात आले. सत्तेने केलेल्या सर्वच गोष्टी वाईट नसतात, हे अशा वेळी मोकळेपणाने म्हणायला हवे.

पण त्याच सत्तेला घरात शिरण्याची सवय लागली. २००७ च्या जूनमध्ये रीतिरिवाजांचे नियमन करणारा कायदा झाला. लग्नाला दीडशेच पाहुणे, समारंभ तीनच तास, मयताच्या जेवणावळींवरही निर्बंध. कर्ज काढून लग्ने करण्याची चाल तेथेही आहे, तेव्हा या कायद्याचे गोरगरिबांनी मनातून स्वागतच केले असले पाहिजे. पुढचे पाऊल पडले ते कपड्यांवर आणि मशिदीवर. उलेमांच्या सरकारमान्य मंडळाने २००४ मध्ये स्त्रियांनी मशिदीत नमाज पढू नये असा फतवा काढला. २०११ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांनाही मशिदीची दारे बंद झाली. २०१६ मध्ये नवजात मुलांना ‘-ओव’, ‘-येव’ असे रशियन प्रत्यय लावण्यास आणि परकी वाटणारी अरबी नावे ठेवण्यास मनाई झाली. अध्यक्षांनी स्वतःचे ‘रहमोनोव’चे ‘रहमोन’ २००७ मध्येच करून घेतले होते. २०२४ च्या जूनमध्ये ‘राष्ट्रीय संस्कृतीला परके’ असे कपडे वापरण्यावर कायद्याने बंदी आली आणि ईदच्या दिवशी मुलांनी दारोदार जाऊन खाऊ मागण्याची ‘ईदगर्दक’ ही प्रथाही बंद झाली. ही प्रथा आणि हिजाब यांना एकाच कायद्यात बांधणाऱ्या माणसाला ना धर्म कळला, ना मूल.

राष्ट्र घडविण्याचे काम दुसऱ्या बाजूने चालूच होते. राजधानीच्या मुख्य चौकात लेनिनचा पुतळा होता. १९९१ मध्ये तो उतरला, तेथे फिरदौसी आला आणि १९९९ मध्ये सामानी राजवटीच्या अकराशेव्या वर्षाच्या निमित्ताने फिरदौसीलाही हलवून इस्मोइल सोमोनी उभा करण्यात आला. २००० साली निघालेल्या चलनाचे नावही सोमोनी. ज्या चौकात १९९२ मध्ये बंदुका वाटल्या गेल्या, तो हाच. त्याला आता ‘दुस्ती’, म्हणजे दोस्ती, चौक म्हणतात. नोटांवर राजांपेक्षा लेखकांची आणि विद्वानांची गर्दी अधिक आहे, ही गोष्ट कोणाही वाचनप्रिय माणसाला सुखावणारी. पाच सोमोनींच्या नोटेवर आधुनिक ताजिक गद्याचे जनक सदरिद्दीन ऐनी आहेत, दहाच्या नोटेवर मीर सय्यद अली हमदानी. श्रीनगरला झेलमच्या काठी ज्यांच्या नावाची खानकाह आहे तेच हे संत; त्यांची कबर कुलोबला आहे.

भारताशी, किंबहुना मुंबईशी, असलेला दुसरा धागा पामीरच्या डोंगरातून येतो. बदख्शानचे लोक इस्माइली. पहिले आगाखान एकोणिसाव्या शतकात मुंबईत स्थायिक झाले, १८८१ मध्ये वारले, आणि माझगावला हसनाबादेत त्यांची समाधी आहे. त्या काळी पामीरचे अनुयायी हिंदुकुश ओलांडून आपला दशांश मुंबईला पोहोचवीत असत. सोव्हिएत सीमा बंद झाल्यावर ही वाट तुटली. यादवीच्या काळात बदख्शानला उपासमारीपासून वाचविले ते चौथ्या आगाखानांच्या संस्थेने. मे १९९५ मध्ये ते स्वतः तेथे गेले. अशा रीतीने राज्याबाहेरच्या एका गुरूवर निष्ठा असणारा हा प्रांत दुशांबेला नेहमीच खुपत राहिला. २०१२ मध्ये खोरोग येथे आणि २०२२ च्या मे महिन्यात रुशान भागात लष्करी कारवाया झाल्या, स्थानिक पुढारी मारले गेले, पुष्कळांना तुरुंगात टाकण्यात आले. देशातील अखेरचा स्वायत्त आवाज त्यानंतर थांबला.

मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहात जो हत्याकांडाचा प्रकार झाला आणि ज्यात एकशे चाळीसांहून अधिक माणसे मेली, त्यातील हल्लेखोर म्हणून पकडलेले तरुण ताजिक निघाले. त्यानंतर रशियातील प्रत्येक ताजिक मजुराकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. विमानतळांवरून परतवणी, हद्दपारी सुरू झाली. धर्म समजून घेण्याची कोणतीही उघडी जागा देशात उरली नाही, तेव्हा तो परमुलखातील मजुरांच्या वस्तीत, फोनच्या पडद्यावर कोणी अनोळखी माणूस शिकवू लागला. बंदी घालणाऱ्यांना हे दिसत नसेल असे नाही. एकदा पक्ष बुडविला म्हणजे त्याच्याबरोबर त्याचे मवाळ लोकही बुडतात, आणि मग समोर बोलायला कोणी उरत नाही.

आजचा प्रसंग ग्रंथालयाचा आहे, म्हणून ग्रंथालयाविषयी थोडे. ताजिकमध्ये ग्रंथालयाला ‘कितोबखोना’ म्हणतात. निजामाच्या जुन्या फारसी दफ्तरांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हा शब्द घरचाच वाटेल. दुशांबेचे राष्ट्रीय ग्रंथालय २०१२ च्या नवरोजाच्या सुमारास खुले झाले. इमारत नऊ मजली, उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराची, मध्य आशियात सर्वांत मोठी. ती उघडली तेव्हा फडताळे भरण्यासाठी नागरिकांनी घरची पुस्तके आणून द्यावीत असे आवाहन झाले होते. ही पुस्तके बहुतेक सिरिलिक लिपीतली. कारण १९२० च्या दशकाच्या अखेरीस ताजिकची अरबी-फारसी लिपी काढून लॅटिन लिपी आणली गेली, आणि १९४० च्या सुमारास लॅटिन काढून सिरिलिक. बारा-पंधरा वर्षांत एका भाषेने तीन लिप्या पाहिल्या. आजोबांनी हाताने लिहिलेला कागद नातवाला वाचता येत नाही; मोडीची दफ्तरे घरात असलेल्या मराठी कुटुंबांना हे दुःख निराळे समजावून सांगायला नको. १९८९ च्या भाषाविषयक कायद्यात जुन्या लिपीकडे हळूहळू परतण्याची तरतूद होती. २००९ च्या कायद्यात ती राहिली नाही. तेहरानमध्ये छापलेले रुदकीचे पुस्तक दुशांबेच्या विद्यार्थ्याला ऐकून समजते, पाहून समजत नाही. आणि तो रुदकी जन्मला पंजरुदला, आजच्या ताजिकिस्तानातच. शाळांत ‘खत्ती नियोगोन’, म्हणजे पूर्वजांची लिपी, असा एक विषय ठेवलेला आहे. मुले ती अक्षरे गिरवतात, आणि वर्ग संपला की रशियन शिकायला जातात, कारण पुढच्या वर्षी कामाला मॉस्कोस जायचे असते.